रंगसंकेत आणि औद्योगिक सुरक्षा

भिलाईचा पोलाद कारखाना दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील महत्त्वाचा प्रकल्प होय. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार होऊन १९५९ मध्ये येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशा कारखान्यात तापमान, दाब, प्रवाह आणि कंपन यांची अखंड मोजणी होते व ती नियंत्रण कक्षातील पडद्यावर रंगांच्या साह्याने दर्शविली जाते. सर्वसाधारणपणे हिरवा रंग सुरळीत स्थिती, पिवळा मर्यादेबाहेर जाऊ लागलेली स्थिती, तर लाल रंग तातडीच्या कृतीची गरज सूचित करतो.

मात्र कोणत्या बिघाडाला कोणता रंग द्यावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. १२ जून २०१४ रोजी भिलाई येथे जलपंपगृहातील बिघाडामुळे झोतभट्टीच्या वायुशुद्धीकरण यंत्रणेतील पाण्याचा दाब घटला. त्यातून कार्बन मोनॉक्साइडची गळती होऊन दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा जणांचा मृत्यू झाला. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने माणसाच्या ज्ञानेंद्रियांना त्याची चाहूल लागत नाही. बिघाड पाणीपुरवठ्यातील असला, तरी परिणाम वायुगळतीचा होता. म्हणूनच सूचनेचा रंग उपकरणाच्या किमतीवरून वा आकारावरून ठरवून चालत नाही. बिघाडाचा संभाव्य परिणाम आणि प्रतिसादासाठी उपलब्ध वेळ, हेच त्याचे दोन निकष होत.

मग खबरदारी म्हणून प्रत्येक सूचना लाल का करू नये? याचे उत्तर ब्रिटनमधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्याच्या अनुभवात सापडते. तेथे २४ जुलै १९९४ रोजी झालेल्या स्फोटापूर्वीच्या अखेरच्या ११ मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांसमोर २७५ सूचना आल्या. बहुसंख्य सूचनांना उच्च प्राधान्य दिलेले असल्याने खरी निकडीची सूचना वेगळी ओळखणे दुरापास्त झाले. माहितीची विपुलता लक्षाची टंचाई निर्माण करते, हा नोबेल पारितोषिक विजेते अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांचा सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो. लक्ष हे दुर्मिळ साधन आहे. त्याचे वाटप प्राधान्यक्रमानेच व्हावयास हवे.

या अनुभवांतून सूचना व्यवस्थापनाची शास्त्रशुद्ध पद्धती विकसित झाली. इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशनने २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. जिच्यावर कर्मचाऱ्याने कृती करणे आवश्यक आहे तीच सूचना, हे त्याचे मूलतत्त्व आहे. केवळ माहिती देणाऱ्या नोंदी तिच्यापासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. लाल-हिरव्या रंगांतील फरक न ओळखणाऱ्या व्यक्तींचा विचार करून रंगासोबत आकार, मजकूर वा ध्वनी यांचीही जोड देणे इष्ट ठरते.

अर्थात, रंग स्वतः कोणाचेही रक्षण करीत नाही. लाल संकेत उमटल्यावर कोणी, किती वेळात आणि काय करावयाचे, हे आधीच निश्चित असावे. तसेच उत्पादन थांबविण्याचा निर्णय घेणाऱ्या कर्मचाऱ्याला व्यवस्थापनाचे पाठबळ असावे. उत्पादन बंद राहिल्याने होणारी हानी भरून काढता येते, जीवितहानी नव्हे. सुरक्षेवरील खर्च ही गुंतवणूक होय, असे म्हणण्यामागील अर्थ हाच आहे.