घरगुती संगणकाची कार्यप्रणाली आणि मराठी लेखन

विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही आणि चांदूर बाजारसारख्या गावी नवा संगणक घेणे प्रत्येकाला परवडतेच असे नाही. अशा वेळी लिनक्स मिंट किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस या विनामूल्य प्रणालींचा विचार करावा.

भाषेच्या अभ्यासकाची कसोटी मात्र वेगळी असते: आपले लेखन दुसऱ्या संगणकावर जसेच्या तसे उघडते का? जुन्या अनेक फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन संकेतांकांवर बसवलेली असत; तो फॉन्ट नसला की मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसे. युनिकोडमध्ये देवनागरी वर्णांना स्वतंत्र संकेतांक आहेत. युनिकोड व इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स या दोहोंत उपलब्ध असल्यामुळे प्रणाली बदलली तरी आपला स्वाध्याय आणि बोटांची सवय कायम राहते.

कृती: आपल्या फायलींची प्रत आधी वेगळी ठेवा. पेनड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते चालवून ‘दऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘कळफलक’ हे शब्द टंकून पाहा. मगच निर्णय घ्या.