शाळेच्या आवारातील जिवंत तळे

शाळेच्या आवारात लहानसे तळे करावयाचे ठरले की, गावात पहिली शंका निघते ती डासांची आणि दुसरी मुलांच्या सुरक्षिततेची. दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांचे समाधान झाल्यावाचून शिक्षकाने कुदळ हाती घेऊ नये.

प्रथम डासांचा विचार करू. उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास तयार होण्यास सामान्यतः ८ ते १० दिवस लागतात. डेंग्यू पसरविणारा डास मुख्यतः रांजण, उघडी टाकी, जुने टायर, करवंट्या अशा ठिकाणी साचलेल्या पाण्यात वाढतो, कारण तेथे त्याच्या अळ्यांना खाणारे सहसा कोणी नसते. नांदत्या तळ्यात स्थिती निराळी असते. चतुर आणि टाचणी यांची पिले पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्यांवर ताव मारतात. पाणविंचू व पाणभुंगेही तेच करतात. हे कीटक कोणी आणून सोडावे लागत नाहीत. पाणी दिसताच ते उडत येतात. मात्र त्यांचा जम बसण्यास काही आठवडे जातात. तेवढ्या काळात आणि त्यानंतरही दर आठवड्यास एका ठरावीक दिवशी पांढऱ्या वाडग्यात चार-पाच ठिकाणचे पाणी घेऊन अळ्या पाहाव्यात. त्या वारंवार आढळल्यास आरोग्यसेवकास कळवावे. रॉकेल, जळके तेल किंवा कीटकनाशक तळ्यात कधीही ओतू नये. त्याने अळ्यांबरोबर त्यांचे भक्षकही मरतात.

तळ्यासाठी अर्धा दिवस ऊन मिळेल अशी आणि मोठ्या झाडापासून दूर असलेली जागा निवडावी. पाने पडून कुजली की पाण्यातील प्राणवायू कमी होतो. शौचालयाचे किंवा भांडी धुण्याचे पाणी तेथे येता कामा नये. सुमारे ३ मीटर लांब व २ मीटर रुंद खड्डा पुरेसा असून त्याची खोली कोठेही ४५ सेंटिमीटरहून अधिक नसावी. एक काठ ताटलीसारखा उथळ व उतरता ठेवावा. याच उतारावरून पाखरे पाण्यास येतात आणि चुकून पडलेली खार किंवा सरडा बाहेर निघतो. मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही. तेथे चिकणमाती पायांनी तुडवून तिचा जाड थर द्यावा, किंवा शेततळ्यास वापरतात तो प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर माती पसरावी. छपरावरून येणारे पावसाचे पाणी भरण्यास सर्वांत उत्तम. नळाच्या पाण्यात जंतुनाशक औषध असल्यास ते दोन-तीन दिवस उघड्यावर ठेवून मग घालावे.

काठाशी लव्हाळा आणि पाण्यात कुमुदिनीचा एखादा कंद गावच्याच तळ्यातून आणून लावावा. जलपर्णी फुले सुंदर देते, परंतु काही महिन्यांत ती सारे पाणी झाकून टाकते. तिला थारा देऊ नये. माशांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. डासांसाठी गप्पी आणि गॅम्बुसिया हे परदेशी मासे आपल्याकडे आणले गेले. बंद टाकीत गप्पी मासे उपयोगी पडतात. परंतु उघड्या तळ्यातून पुराबरोबर ते ओढ्यात गेले तर तेथील मासे व बेडकांची पिले यांना उपद्रव होतो. लहान तळ्यात मासे नसले तरी चालते. मासे नसतात तेथे बेडकांची अंडी अधिक सुरक्षित राहतात.

आता मुलांचा प्रश्न. गुडघाभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. याकरिता तळ्याभोवती मुलांच्या छातीपर्यंत उंचीचे, फटी नसलेले कुंपण आणि कुलपाचे फाटक असल्याखेरीज त्यात पाणी भरू नये. अंगणवाडी त्याच आवारात असेल तर ही अट अधिकच काटेकोरपणे पाळावी. शिक्षक सोबत असल्याशिवाय फाटक उघडू नये.

उन्हाळ्यात तळे आटले तर खंत करू नये. कित्येक बेडूक जमिनीत शिरून पावसाची वाट पाहतात. धोका असतो तो अर्धवट आटलेल्या तळ्याचा; खाचखळग्यांत उरलेल्या पाण्यात अळ्या वाढतात आणि भक्षक मात्र नाहीसे झालेले असतात. म्हणून एक तर पाणी पुरते राखावे, नाही तर तळे पूर्ण सुकू द्यावे.

पहिल्या पावसानंतर खरी शाळा भरते. भेकाची अंडी लांब माळेसारखी, तर बेडकाच्या काही जातींची पुंजक्यांत असतात. झाडावर राहणारा बेडूक पाण्यावर लोंबणाऱ्या पानांत फेसाचे घरटे करतो. अंड्यातून भैकेर केव्हा निघाला, त्यास मागचे पाय आधी फुटले की पुढचे, शेपटी केव्हा गेली, हे मुलांनी तारखेसह वहीत लिहावे. पुस्तकातील जीवनचक्र मग पाठ करावे लागत नाही. शेतातील किडी खाणाऱ्या या प्राण्यांच्या पायांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. तसे का करावे लागले, याची चर्चा वरच्या वर्गांत अवश्य करावी.

अखेरीस एक गोष्ट ध्यानी ठेवावी. दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटीत तळ्याकडे कोण पाहील, हे आधीच ठरलेले असावे. ती जबाबदारी घेणारे कोणी नसेल, किंवा कुंपणाची सोय होत नसेल, तर तेथे तळे करू नये. अशा शाळेने मुलांना शिक्षकांसह गावच्या जुन्या तळ्याच्या काठी न्यावे आणि वही तेथेच उघडावी.