पंखा वर, वल्हं हातात

खाडीत होडी चालवणं वेगळं आणि पुरात बुडालेल्या गल्लीत होडी चालवणं वेगळं. नवी मुंबईतल्या तळवलीत राहणारे, नौदलातून निवृत्त झालेले एक काका गावच्या पोरांना खाडीकाठी यातलं दुसरं करून दाखवत होते, तेव्हा मीही जाऊन बसलो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात मुंबईहून शिरोळ तालुक्यात गेलेल्या नौदलाच्या पथकांपैकी एकात ते होते.

सरावाला जेमिनी होती, म्हणजे हवा भरलेली रबरी बोट, मागे इंजिन. काकांनी आधी एकेका कप्प्यावर मूठ आपटून हवा तपासली. कप्पे वेगवेगळे असतात. एक फाटला तरी बाकीचे बोट तरंगती ठेवतात. "गल्लीत शिरलात की पंखा वर घ्या," ते म्हणाले. गढूळ पाण्याखाली कुंपणाची तार असते, वाळत घातलेली साडी असते, गोठ्यातलं दावं असतं. यातलं काहीही पंख्यात गुंडाळलं की इंजिन बंद आणि बोट प्रवाहाच्या हवाली. म्हणून शेवटचं अंतर वल्ह्यानंच कापायचं. फाटकावरचे लोखंडी भाले रबर फाडतात. एरवी डोक्यावरून जाणारी विजेची तार हाताशी आलेली असते.

घराशी पोचल्यावर बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, प्रवाहाच्या उलट धरायची, दोर खिडकीच्या गजाला. माणसं एकेक करून, बसत बसत आत घ्यायची. इथे काका फार कडक होते. घाबरलेली माणसं एकाच बाजूला झेपावतात, आणि "अजून एक मावेल" हे वाक्य सगळ्यात घातक. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली होडी उलटली, ती आठवण त्यांच्या बोलण्यात सारखी येत होती.

अरबी समुद्र तापतोय, तशी चक्रीवादळं उग्र होताहेत आणि सैन्याला बोलावणी वाढताहेत. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळात पी-305 बार्ज बुडाला, तेव्हा खवळलेल्या समुद्रातून आयएनएस कोची आणि इतर जहाजांनी बार्जवरच्या 261 पैकी 186 जणांना वाचवलं. दोनच महिन्यांनी पुरात चिपळूण बुडालं. जवानांच्या धैर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण तिथे रस्तेच पाण्याखाली होते, मदत पोचायला वेळ लागला. पहिले काही तास गावाचेच असतात.

आपल्याकडेही तेच होऊ शकतं. नवी मुंबईत पावसाचं पाणी धारण तलावांत साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. उधाणाच्या भरतीला तलावांची दारं बंद, त्यात 26 जुलै 2005 सारखा 944 मिलिमीटर पाऊस सांताक्रूझऐवजी इथे पडला तर? खाडीकाठच्या प्रत्येक गावाला मे महिन्यातच एक बोट, लाईफ जॅकेटं आणि अंथरुणाला खिळलेल्यांची घरनिहाय यादी हवी. आगरी-कोळी पोरांना पाणी शिकवावं लागत नाही, शिस्त शिकवावी लागते. पुढचा सराव काकांनी मुद्दाम ओहोटीचा ठरवलाय: इंजिन काढून, गुडघाभर चिखलातून भरलेली बोट ओढण्याचा.