श्वासातला आकडा

२४ जानेवारी २०२२ च्या रात्री सेलसुऱ्याजवळ पुलावरून गाडी कोसळली आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजातले ७ विद्यार्थी गेले. उद्या ज्यांनी जखमींना वाचवायचं होतं, तीच ही मुलं. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि वर्धा जिल्ह्यातून गाड्या ताशी १२० किलोमीटरनं धावू लागल्या. हैदराबादचा रस्ता हिंगणघाटवरून आधीपासून वाहतोच आहे. अपघात झाला की इथला माणूस दोनच नावं घेतो : सेवाग्राम, नाहीतर सावंगी. पण आष्टी-कारंजाकडच्या जखमीला दोन्ही दूरच. १०८ च्या रुग्णवाहिकेतला तो वाटेतला वेळ मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण रक्तस्रावाचा खरा घात त्याच वेळात होतो.

डोकं फुटलं, पाय मोडला तर दिसतं. प्लीहा फाटली किंवा कंबरेचं हाड मोडून आत रक्त साचत गेलं, तर बाहेर थेंबही येत नाही. सत्तर किलोच्या माणसात रक्त साधारण ५ लिटर. त्यातलं जवळजवळ ३० टक्के, म्हणजे दीड लिटर जाईपर्यंत बीपी बऱ्याचदा ठीकच दिसतो. शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, नाडी वाढवतं आणि हृदय-मेंदूचा पुरवठा टिकवून धरतं. तरुण, कष्टाच्या शरीराला हे जास्तच चांगलं जमतं. म्हणूनच घात होतो. "आत्ता तर बोलत होता, पाणी मागत होता," असं नातेवाईक सांगतात ते खरंच असतं. बीपी पडला तेव्हा उशीर झालेला असतो.

मग आधी कळणार कसं? एक वाट श्वासातून जाते. पेशींत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड रक्त फुप्फुसांपर्यंत आणतं आणि तिथून तो बाहेर पडतो. रक्तच कमी झालं की हृदयातून पुढे ढकललं जाणारं रक्त घटतं आणि फुप्फुसांपर्यंत वायूही कमी पोचतो. हिंगणघाटच्या जिनावर कापसाच्या गाड्याच आल्या नाहीत तर रुईच्या गाठी निघणार कुठून, तसंच हे. उच्छ्वासाच्या शेवटी मोजलेल्या या वायूला डॉक्टर ‘ईटीसीओटू’ म्हणतात. निरोगी माणसात तो ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो.

मोजण्यामागचं भौतिकशास्त्र जुनं आहे. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषतो, हे लंडनमध्ये जॉन टिंडलनं १८६० च्या सुमारास प्रयोगानं दाखवलं, आणि श्वासातला वायूही त्याच उपकरणानं मोजता येतो हेही. आजचा कॅप्नोग्राफ तेच करतो : श्वासाच्या वाटेवर किरण सोडायचे, किती शोषले गेले ते पाहायचं आणि प्रत्येक श्वासाला पडद्यावर आकडा व आलेख उमटवायचा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे यंत्र रोजच्या वापरातलं. श्वासासाठी घातलेली नळी अन्ननलिकेत गेली की श्वासनलिकेत, हे त्यावर काही श्वासांतच कळतं. शुद्धीत असलेल्या जखमीलाही नाकात बारीक नळी लावून ते वापरता येतं. सुई नको, रक्ताचा नमुना नको.

अमेरिकेत रुग्णवाहिकेत घेतलेल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की आकडा तिशीच्या खाली असलेल्या जखमींना मृत्यूचा आणि भरपूर रक्त चढवावं लागण्याचा धोका जास्त होता.

पण या आकड्यावर आंधळा विश्वास टाकू नये. घाबरलेला, वेदनेनं धापा टाकणारा माणूस रक्त न जाताही हा वायू वेगानं बाहेर टाकतो. छातीला मार असेल तर फुप्फुसाचाच हिशोब बिघडतो. नळी घातलेल्या जखमीला घाईघाईनं बॅग दाबत राहिलं तर आकडा आपल्याच हातानं खाली येतो, आणि डोक्याला मार असेल तर त्यानं मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, नुकसान वाढतं. म्हणून एका आकड्यापेक्षा त्याचा कल बघायचा, आणि सोबत नाडी व बीपी. नाडीच्या आकड्याला वरच्या बीपीनं भागायचं, ही १९६७ सालची सोपी रीत आहे. उत्तर १ च्या आसपास किंवा वर गेलं तर सावध व्हायचं. हे गणित यंत्राशिवाय कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात होतं.

धोका ओळखला की करण्यासारखं बरंच असतं. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे रक्तस्राव रोखणारं स्वस्त औषध ४० देशांतल्या २० हजारांहून जास्त जखमींवर तपासलं गेलं आणि २०१०-११ मध्ये निष्कर्ष आले : अपघातानंतर ३ तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, उशिरा दिलं तर उलट नुकसान होऊ शकतं. सलाईनच्या बाटल्या ओतत राहण्यापेक्षा रक्त लवकर मिळणं महत्त्वाचं, हेही आता सर्वमान्य आहे. आणि रक्तपेढीला आधी फोन गेला, तरच ते वेळेत तयार असतं.

डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज उभं केलं, ते खेड्यातल्या माणसाला शहरात धावत जावं लागू नये म्हणून. त्याच न्यायानं हे यंत्र ऑपरेशन थिएटरबाहेर, आर्वी-आष्टीकडून निघणाऱ्या गाडीतही पोचावं, आणि ते वाचायला तिथल्या सिस्टर व गाडीतल्या डॉक्टरांना शिकवलं जावं, असं मला मनापासून वाटतं. रेफरच्या चिठ्ठीवर बीपी आणि नाडीशेजारी निघतानाचा व मधल्या टप्प्यावरचा ईटीसीओटू वेळेसकट लिहिला, तर जखमीला उतरवून घेणाऱ्या सर्जनला दारातच कळेल, की हा माणूस वाटेत सावरत होता की खचत होता.