माका की एकदांडी?

आईच्या तेलाला माका हवा होता. पूर्वी तो तीच आणी. आता तिला दिसत नाही. आमच्या सोलापूरच्या कंबर तलावाकडून मी मोठ्या ऐटीत जुडी आणली. तिने दोन पाने चुरडली, थोडे थांबून विचारले, “बोटं काळी झाली का रे?” झाली नव्हती. “मग ही एकदांडी!” संस्कृत ‘मार्कव’ म्हणजेच माका, हे वर्गात सांगणारा मी वरमलो.

वाचकहो, दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातल्या; पाने दोन्हींची खरबरीत. पण एकदांडी मूळची अमेरिकेकडची, कोरड्या मुरमावरही फोफावणारी. वीतभर दांडीवर एकच फूल, मधोमध पिवळे. कडेच्या मोजक्या पाकळ्यांना तीन-तीन दाते. फळे म्हातारीसारखी उडतात. माका ओलीचा सोबती. फुले शर्टाच्या बटणाहून लहान, पांढरी. कडेच्या पाकळ्या बारीक नि पुष्कळ. फळांना पिसे नाहीत. रस मात्र हात काळे करतो.

दुसऱ्या दिवशी मी काठच्या चिखलात उतरलो. घरी येऊन आईपुढे हात केला. मग आठवले, तिला दिसत नाही.

“काळी झाली, आई.”

“मग तेल तापत ठेव,” ती म्हणाली.