थकलेल्या हृदयाला चाबूक नको

कळमेश्वर तालुक्यातील एखाद्या संत्रा बागायतदाराला बागेत चार पावले टाकली तरी धाप लागते, पायांवर सूज येते, दोन उशांशिवाय झोपता येत नाही. नागपूरला इको तपासणीनंतर निदान होते, ‘हार्ट फेल्युअर’. म्हणजे हृदय बंद पडले असे नव्हे, तर रक्त ढकलण्याची त्याची ताकद कमी झाली. मग नाडीचा वेग कमी करणारी ‘बीटा ब्लॉकर’ गोळी सुरू होते. घरच्यांना प्रश्न पडतो, हृदय आधीच कमजोर, त्याला आणखी मंद कशाला करायचे? आणि गोळी परस्पर बंद होते.

या प्रश्नाचे उत्तर स्वायत्त चेतासंस्थेत आहे. आपण न सांगताही हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे यांचे काम ही यंत्रणा सांभाळते. तिचा अनुकंपी भाग हृदयाला वेग देतो, परानुकंपी भाग ब्रेक लावतो.

हृदय कमजोर झाले की मानेतील व महाधमनीतील दाब मोजणारे तंतू मेंदूला खबर देतात. अनुकंपी भाग जोर धरतो, ब्रेक सैल पडतो. ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात. रक्तस्राव झाला असता तर यानेच जीव वाचला असता. पण इथे हा प्रकार महिनोन्महिने चालतो. थकलेल्या बैलाला चाबूक मारला की तो थोडा वेळ ओढतो, मग बसतो. तसेच सततच्या नॉरॲड्रेनालिनमुळे हृदयाच्या पेशी झिजतात, ठोके अनियमित होतात, अचानक मृत्यूचा धोका वाढतो.

बीटा ब्लॉकर हा चाबूक थांबवतात. एकेकाळी या आजारात ती निषिद्ध मानली जात. 1975 मध्ये स्वीडनच्या फिन वागस्टाईन आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांत त्यांचा उपयोग झाल्याचे दाखवले, तेव्हा फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. 1999 मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या दोन मोठ्या अभ्यासांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले आणि उपचारांची दिशा बदलली.

ही गोळी अगदी कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. पहिले काही आठवडे थकवा जाणवू शकतो. फायदा दिसायला महिने लागतात. म्हणून बरे वाटले किंवा थकवा आला तरी ती अचानक बंद करू नये. चक्कर येत असेल, नाडी फारच मंद असेल किंवा दमा असेल तर डॉक्टरांना लगेच सांगावे. रोज सकाळी वजन करावे; दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पाणी साठत आहे असे समजून दवाखाना गाठावा. विदर्भातल्या उन्हाळ्यात घाम जास्त जातो, त्यामुळे लघवीच्या गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून आधीच तपासून घ्यावी.

शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळी सोडणे म्हणजे थकल्या बैलावर पुन्हा चाबूक उगारणे होय.