जुन्या जीपचा नवा धनी

चंद्रपूरहून ताडोबाच्या अरण्याकडे जाताना मोहर्ली हे गाव लागते. येथील प्रवेशद्वारातून प्रवासी उघड्या मोटारींत बसून वाघ पाहावयास वनात शिरतात. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्या काळी खाचखळग्यांच्या आडवाटेने जाणारी मोटार म्हटली, की जीपच डोळ्यांपुढे येई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलिस कंपनीने ही गाडी सैन्यासाठी बांधली. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनीने तिची बांधणी सुरू केली. इंजिनाची शक्ती चारही चाकांना देता येत असल्यामुळे ही गाडी चिखलातूनही वाट काढीत असे.

समजा, अशी एक जीप गावातील कोणाच्या गोठ्यामागे पंधरावीस वर्षे पडून आहे आणि ज्याने पूर्वी कधी मोटार बाळगली नाही, अशा एका हौशी गृहस्थाने ती विकत घेतली. त्याच्या मनात पहिली इच्छा कोणती येईल? गाडी चालू करून पाहावी, हीच! पण ही घाई फार महाग पडते.

इंजिनाच्या पोकळ नळकांड्यांत दट्टे वरखाली धावत असतात. दोहोंमधील फट अतिशय सूक्ष्म असते आणि तेथे तेलाचा पातळ थर लागतो. अनेक पावसाळे गेले, की हा थर नाहीसा होतो, ओल शिरते आणि दट्टे गंजून चिकटून बसतात. अशा वेळी जबरदस्ती केली, तर चांगले इंजिनही मोडते. म्हणून जाणता कारागीर ठिणगी देणारे प्लग काढून त्या भोकांतून थोडे तेल सोडतो, काही दिवस वाट पाहतो आणि मग पुढून हँडल लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहतो. टाकीतील जुन्या पेट्रोलचा तर चिकट गाळ झालेला असतो. तो कार्बुरेटरची बारीक छिद्रे बुजवितो. म्हणून टाकी आणि नळ्या आधी धुऊन घ्याव्या लागतात.

एवढे झाले, तरी गाडी रस्त्यावर आणू नये. ब्रेकचे पेडल दाबले, की नळीतील तेलाचा दाब चाकांपर्यंत पोहोचतो. पण तेथील रबरी भाग कालांतराने कडक होतात आणि तेल झिरपू लागते. अरण्याच्या वाटेवर एकाएकी चितळांचा कळप आडवा आला किंवा शाळेतून परतणारी मुले समोर आली आणि ब्रेक लागला नाही, तर काय अनर्थ होईल! म्हणून गाडी चालती करण्यापूर्वी ती थांबती करावी, हा या कामातील पहिला नियम होय.

दुसरा नियम टिपणाचा. प्रत्येक भाग सोडविण्यापूर्वी त्याचे चित्र काढावे. खिळे, चकत्या निरनिराळ्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात. सोडविणे एका दिवसाचे काम असते. जुळविण्यास मात्र अनेक महिने लागतात आणि तोवर स्मरणशक्ती दगा देते.

तिसरा नियम संयमाचा. गंजावर नुसता रंग फासला, तर आतून पत्रा खात जाणारा गंज थांबत नाही; तो खरवडूनच काढावा लागतो. जो मूळ भाग दुरुस्त होण्याजोगा आहे, तो फेकून नवा बसवू नये. कारण त्या भागांतच त्या काळच्या कारागिरीचा इतिहास असतो. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जतन केलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. अशी नोंद झालेल्या गाडीचा उपयोग धंद्यासाठी करता येत नाही. म्हणजे मोहर्लीच्या दारातून भाडे घेऊन प्रवासी नेण्याचे काम ती जीप करणार नाही.

मग एवढे कष्ट कशासाठी? उन्हाळाभर उभी असलेली बैलगाडी जुंपण्यापूर्वी शेतकरी चाकाची धाव तपासतो, आसाला वंगण घालतो. जी वस्तू आपले ओझे वाहते, तिची प्रकृती जाणून घेणे हे तो आपले कर्तव्य मानतो. जुन्या जीपचा नवा धनीही हेच शिकतो. पैसे मोजून गाडी ताब्यात येते. तिचा खरा धनी मात्र मनुष्य तिला समजून घेतल्यावरच होतो.